वांगावरची नॅनो-लिपिड क्रीम : नागपूरच्या उन्हातले नऊ महिने

माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आहेत. धाकट्याच्या वेळी गरोदरपणात आले ते अकरा वर्षं झाली, पुरते गेलेच नाहीत. मी शाळेत शिकवते. नंदनवनहून सदरला रोज ॲक्टिव्हानं जाणं-येणं, परतीची वेळ दुपारची. हे आधीच सांगते, कारण वांगाच्या क्रीमचा निम्मा निकाल आपण दिवसभर कुठे असतो यावर लागतो.

या क्रीमकडे येण्याआधी मी दोन चुका केल्या. पहिली मोठी होती. ओळखीच्या एका पार्लरवालीनं दिलेली ट्यूब मी चार महिने लावली. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की लग्नाघरी बायका विचारायला लागल्या. मग गाल लाल पडले, बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. लावणं थांबवलं तर डाग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत आले. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब वाचून सांगितलं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं त्रिकूट आहे हे. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी हा मेळ मांडला, आणि डॉक्टरच्या देखरेखीत थोडे आठवडे वापरला तर तो चांगलं काम करतो. मात्र तो महिनोन्‌महिने कोल्ड क्रीमसारखा फासायचा नसतो. चेहऱ्यावर लावायच्या स्टेरॉइड मलमांना २०१८ पासून डॉक्टरची चिठ्ठी लागते, तरी ती हातोहात फिरतात. कुणाची बहीण, वहिनी, मैत्रीण अशी ट्यूब लावत असेल तर तिला आजच डॉक्टरकडे न्या. एवढं मी हात जोडून सांगते.

दुसरी चूक म्हणजे चांगलं औषध अर्ध्यात सोडणं. डॉक्टरांनी २० टक्के ॲझेलेइक ॲसिडची साधी क्रीम दिली होती. हे ॲसिड गहू-जवासारख्या धान्यांतही असतं. रंग तयार करणाऱ्या पेशींतल्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते अडवतं, आणि गरजेपेक्षा जास्त काम करणाऱ्या पेशींवरच त्याचा जोर असतो, बाकीच्या त्वचेचा रंग फारसा हलत नाही. मला हेच हवं होतं. मला गोरं व्हायचं नाही, डाग जायला हवेत. पण स्टेरॉइडनं पातळ झालेल्या गालांवर ते असं चुणचुणायचं की पंख्यासमोर बसून राहायचे. तिसऱ्या आठवड्यात ट्यूब कपाटात गेली.

या जानेवारीत डॉक्टरांनी तेच ॲसिड पुन्हा सुचवलं, आता १० टक्के आणि लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या, नॅनो कणांत भरलेलं. तेच औषध अर्ध्या प्रमाणात, मग जास्त काम कसं करणार, हे मला पटेना. माझी भाची एम. फार्म. करते. ती रविवारी जेवायला आली तेव्हा तिला धरून बसवलं.

"मावशी, त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो," ती म्हणाली. "जाडी दहा-वीस मायक्रॉन, पण खरी भिंत तीच. पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना स्निग्ध. रंगाच्या पेशी त्या भिंतीखाली, एपिडर्मिसच्या म्हणजे बाहेरच्या त्वचेच्या तळाशी. साध्या क्रीममधलं बरंचसं औषध वरच राहतं, तिथेच आग करतं आणि तोंड धुतलं की गेलं."

नॅनो कण म्हणजे चरबीचे अगदी बारीक गोळे, सहसा काहीशे नॅनोमीटरचे. आपला केस त्याच्या शेकडो पट जाड. ते चेहऱ्यावर बसले की पातळ पापुद्रा धरतात. त्यामुळे त्वचेतलं पाणी उडत नाही, वरचा थर ओलावतो, सैल होतो. कणातली चरबी आणि भिंतीतला स्निग्ध चुना यांची जात एक, म्हणून औषध त्यातून आत सरकतं. शिवाय कण केसांच्या मुळांशी साठतात आणि औषध हळूहळू सोडतात. एकदम मारा होत नाही म्हणून आग कमी.

सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. "काऊन वं, हे एवढालं बारीक रक्तात तं नाही जात न?"

"नाही आजी. धड त्वचेतून कण सहसा जात नाहीत. ते वरच राहतात, औषध तेवढं आत जातं. आणि चरबी अंगाला चालणारी असते, शरीर ती पचवतं."

मला गाडीची उपमा सुचली. सामान तेच, पण बैलगाडीतून रस्त्यावर सांडत जाण्याऐवजी बंद टेम्पोतून दारापर्यंत.

आता प्रत्यक्ष वापर. रात्री तोंड धुऊन, कोरडं करून वाटाण्याएवढी क्रीम दोन्ही गालांना पुरते. पोत हलका, वास जवळजवळ नाही. पहिले चार-पाच दिवस दोन-तीन मिनिटं किंचित खाज आली, मग तीही नाही. पूर्वीच्या चुणचुणण्याशी तुलनाच नको. तक्रार एक आहे: सकाळी लावली आणि लगेच सनस्क्रीन चोपडलं तर दोन्हींच्या बारीक वळ्या निघतात. मधे दहा मिनिटं जाऊ द्यावी लागतात. शाळेच्या घाईत ती मिळत नाहीत, म्हणून मी रात्रीचीच ठेवली.

पहिले सहा आठवडे काहीच दिसलं नाही. इथेच माणसं सोडतात, मीही एकदा सोडलंच होतं. तळाशी तयार झालेला रंग पेशींबरोबर वर येऊन झडायला महिना सहज जातो, म्हणून तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नये. मी दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढत गेले. एप्रिलच्या फोटोत पहिल्यांदा ओठावरची पट्टी फिकी दिसली. रोज आरशात ती कळली नव्हती.

मग मे आला. शाळेला सुट्टी, पण पेपर तपासायला जावं लागायचं. पारा पंचेचाळीसच्या वर. एका दुपारी पर्ससकट ट्यूब ॲक्टिव्हाच्या डिक्कीत तीन तास राहिली. रात्री उघडली तर आधी पाणी आलं, मग रवाळ गोळा. भाचीनं ती फेकायला लावली. हे कण साध्या तापमानाला घट्ट राहतात, पण फार तापून पुन्हा थंड झाले की एकमेकांना चिकटून मोठे होतात. चरबीचे स्फटिक नव्यानं शिस्तीत बसतात आणि मधलं औषध बाहेर ढकललं जातं. नव्या पिढीचे कण याचसाठी घट्ट आणि पातळ चरबी मिसळून करतात. स्फटिक वेडेवाकडे राहतात, त्यांच्या फटींत औषध जास्त मावतं, जास्त टिकतं. तरी आपल्या नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातली, डिक्की त्यांनाही झेपत नाही. फ्रीझरही नको, गोठलं तरी बिघडतं. आता ट्यूब आतल्या खोलीत, कूलरच्या वाऱ्याच्या बाजूच्या कपाटात असते.

सनस्क्रीनशिवाय ही क्रीम म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन लागतं. पांढरं पुरत नाही. मी ते सकाळी आणि शाळेतून निघताना लावते, वरून सुती दुपट्टा गुंडाळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागात मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, बघायला मुलांना घेऊन गेले. गर्दीत घामानं सनस्क्रीन वाहून गेलं, दुपट्टा सुटला, चार तास उन्हात. सप्टेंबरच्या फोटोत उजवा गाल ऑगस्टपेक्षा स्पष्ट गडद आहे. मुलांचा आनंद बघता मी पुढच्या वर्षीही जाईन, पण छत्री आणि सनस्क्रीन सोबत घेऊन.

किंमत साध्या क्रीमच्या दुपटीहून जास्त पडते, आणि माझी ट्यूब पाच आठवडे पुरते. मला ते पटलं, कारण स्वस्त ट्यूब मी वापरूच शकले नव्हते. घेताना वेष्टनावरचा 'नॅनो' शब्द बघून भुलू नका. आत औषध कोणतं, किती टक्के, हे लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या. ज्यांच्या त्वचेला साधी ॲझेलेइक क्रीम सोसते त्यांनी जास्तीचे पैसे का घालावेत, असंही मला वाटतं.

आजची स्थिती अशी. ओठावरची पट्टी जवळपास गेली. डाव्या गालावरचा डाग अर्ध्याहून फिका आहे. उजव्या गालावर हाडाच्या उंचवट्यापाशी रुपयाएवढा राखाडी भाग आहे, तो जानेवारीत होता तसाच. डॉक्टरांनी वूड्स लॅम्प या अतिनील किरणांच्या दिव्याखाली बघून सांगितलं, तिथला रंग खालच्या थरात, डर्मिसमध्ये उतरलाय. क्रीम साधी असो की नॅनो, तिथे फार काही करणार नाही. बाकी चेहऱ्यासाठी दिवाळीपर्यंत रोज, मग एक दिवसाआड, असं ठरलं आहे.