पासवर्ड मागितला नाही, तरी खातं त्यांच्या हातात गेलं

नोकरी करणाऱ्याने लिंक्डइनवर दिसलं पाहिजे, असं हल्ली वरिष्ठही सांगतात. त्यात गैर काही नाही. पण याच गरजेवर चालणाऱ्या, म्हणजे लिंक्डइनवर आपलं नाव पुढे आणून देणाऱ्या एका ‘पर्सनल ब्रँडिंग’ एजन्सीने मला फसवलं, आणि त्यांची रीत चटकन ओळखू येत नाही म्हणून हे लिहिते आहे.

‘पासवर्ड कुणालाही देऊ नका, आम्हालाही नको,’ असं त्यांनीच बजावलं. विश्वास बसला तो तिथेच. फक्त क्रोममध्ये एक एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकायला सांगितलं, म्हणे पोस्ट शेड्युल करायला. त्याने वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी मागितली. आपण लॉगिन केलं की ब्राउझरमध्ये सेशन कुकी, म्हणजे आपण लॉगिन झालेले आहोत अशी खूण, साठते, आणि अशा परवानगीतून ती एक्स्टेंशनला मिळू शकते. ती ज्याच्या हाती लागते त्याला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. माझं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू होतं, पण ते लॉगिनच्या वेळी अडवतं. ही मंडळी मी उघडलेल्या दारातून आत आली.

पोस्टवर भराभर कमेंट येऊ लागल्या. प्रत्येक वेळी तीच माणसं, तेच कौतुक. ते सगळे एजन्सीचेच ग्राहक निघाले, आणि माझ्या खात्यावरूनही अनोळखी लोकांचं अभिनंदन चाललं होतं! पुढे आमच्या कंपनीच्या क्लायंटना माझ्या नावाने कसल्याशा कोर्सचे मेसेज गेले. एकाने थेट माझ्या मॅनेजरना विचारलं. मेसेज माझ्याच खात्यातून गेलेले, मग ‘मी लिहिले नाहीत’ हे पटवायचं कसं? गेलेल्या पैशांपेक्षा तो खुलासा मला फार जड गेला.

आपल्या खात्यावरून सॉफ्टवेअरने परस्पर कमेंट-मेसेज करण्याला, म्हणजे अशा ऑटोमेशनला, लिंक्डइनच्या नियमांत मनाई आहे. कारवाई झाली तर आपल्या खात्यावर होते, एजन्सीवर नाही. पैसे परत मागितले तेव्हा ‘एंगेजमेंट (म्हणजे पोस्टवर कमेंट वगैरे) दिली ना’ एवढंच उत्तर आलं आणि माझा नंबर ब्लॉक झाला.

कुणी असं एक्स्टेंशन टाकलं असेल तर आधी ते काढा, मगच पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. उलट केलंत तर नवी कुकीही त्यांच्याकडे जाऊ शकते. पाठवलेले मेसेज एकदा वाचून काढा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयटी विभागाला त्याच दिवशी सांगा, कारण त्या ब्राउझरमध्ये ऑफिसचा मेलही उघडा असतो.