न्यूमोसिल: लस चोख, घोळ नवव्या महिन्यात

कोविडची बंधनं उठली आणि मुलांच्या छातीचे आजार जोरात परतले. इंग्लंडमध्ये २०२१ च्या उन्हाळ्यात, एरवीचा हंगाम नसताना, न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूचे गंभीर आजार वाढले. २०२२ च्या अखेरीस ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या जिवाणूने तर काही मुलांच्या फुफ्फुसाभोवती पू होण्यापर्यंत मजल मारली. या दुसऱ्यावर अजून लसच नाही. पहिल्यावर आहे, आणि त्यातली एक पुण्याच्या सीरमची न्यूमोसिल.

न्यूमोकोकसच्या १० प्रकारांवर ती चालते. खरी जमेची बाजू ६ए आणि १९ए हे प्रकार. आधीच्या दहा प्रकारांच्या परदेशी लसीत हे दोन्ही नव्हते, आणि १९ए अँटिबायोटिकना दाद न देण्याबद्दल बदनाम आहे. ३, ४ आणि १८सी मात्र इथे नाहीत. त्यातला ३ पू करणारा खरा, पण तेरा प्रकारांच्या लसीत असूनही तो पुरता आवरलेला नाही. त्यामुळे एवढ्यासाठी महाग लसीमागे धावावं असं वाटत नाही.

सरकारी केंद्रात पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसची लस, फुकट: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. दर वेळी ०.५ मिली, उजव्या मांडीत. पहिल्या दोन वेळी डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, ही पाच आजारांवरची लस. घोळ होतो तो नवव्या महिन्यात. गोवर-रुबेलाची सुई झाली की घरचे निघतात आणि पीसीव्हीचा तिसरा डोस, म्हणजे बूस्टर, राहतो. कार्डावर दोन्हींची तारीख पडल्याशिवाय उठू नका.

लस २ ते ८ अंशांतच हवी. त्यात ॲल्युमिनियम फॉस्फेट असल्याने एकदा गोठली की कामातून गेली. न वितळलेल्या आइसपॅकला कुपी चिकटली तरी हे होतं. टोचण्याआधी कुपी हलवायची, आणि लस उष्णतेने खराब झालेली नाही हे कळायला लेबलवरचा आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट आहे ना, हे बघायचं. सिस्टरना हे विचारलं तर त्या रागावत नाहीत, बहुतेक वेळा.

लस दिल्यावर एक-दोन दिवस ताप, मांडीला सूज, किरकिर होऊ शकते. पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. चमच्याने अंदाजे नको, बाटलीसोबतच्या मापाने.

लस झाली तरी खोकल्यात बाळाचे श्वास मोजा. बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०: एवढे किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, तर त्याच दिवशी दवाखाना.