विंडलास, मेखा आणि पाण्याची चावी: इंग्लंडच्या कालव्यावर आठ दिवस वापरलेला संच

पाटबंधारे खात्यात माझी ३१ वर्षं गेली. शेवटची काही नांदूर मध्यमेश्वरला, जिथून गोदावरीचे डावा-उजवा कालवे कोपरगाव-राहात्याकडे निघतात. आता लोक तिथं पक्षी बघायला जातात. आमच्या डोळ्यासमोर मात्र आवर्तन, चारीची दारं आणि ग्रीसचा डबा असायचा. लेक-जावई बर्मिंगहॅमला असतात. गेल्या मे महिन्यात त्यांनी आठ दिवसांसाठी नॅरोबोट, म्हणजे तिथल्या कालव्यांवरची लांब अरुंद बोट, भाड्यानं घेतली, तेव्हा मी आधी विचारलं, दारं उचलायची चावी कोण देणार? नाशिकची बरीच मुलं तिकडे आहेत आणि आई-वडील उन्हाळ्यात जातातच. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एवढं समजून घ्या. आपला कालवा पाणी शेतापर्यंत न्यायला असतो, तिथला बोटींसाठी खणलेला. चढ-उतार आला की बोट लॉकमध्ये घ्यायची. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद, आमच्या वाटेवर सात फूट रुंद. बोट ६ फूट १० इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना हाताचा पंजासुद्धा मावत नाही. हौद भरला की बोट वर येते, रिकामा केला की खाली जाते. त्यासाठी झडपा असतात, त्यांना तिकडे पॅडल म्हणतात. ती उचलणारी चावी म्हणजे विंडलास. एल आकाराची, एका टोकाला चौकोनी भोक. ती झडपेच्या चौकोनी दांड्यावर बसवायची आणि फिरवायची. बहुतेक लॉकवर माणूस नसतो, सगळं आपणच करायचं.

बोटीवर आम्हाला दोन विंडलास मिळाले. एक बरा होता. दुसऱ्याच्या भोकाचे कोपरे झिजून गोल झाले होते. मी दांड्यावर बसवून हलवला तर खडखड वाजला. असा नग मी आमच्या चौकीवर कुणाच्या हातात दिला नसता. जोर लावताना तो निसटला तर लोखंडी दांडा मनगटावर किंवा थेट जबड्यावर बसतो. भाड्यानं देणाऱ्यांना सांगितलं तर "सगळे हाच वापरतात" एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही. कालव्याकाठच्या सामानाच्या दुकानातून साधारण १५०० रुपये पडतील असा नवा पोलादी विंडलास घेतला. संपूर्ण सहलीत सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हा.

घेतला तो दोन तोंडांचा: एक भोक १ इंचाचं, दुसरं सव्वा इंचाचं. बहुतेक ठिकाणी १ इंच चालतं, पण काही कालव्यांवर मोठा दांडा आहे, म्हणून दोन्ही असलेलाच घ्यावा. दुकानात आणखी तीन गोष्टी बघा. भोकाच्या कडा आतून धारदार आहेत का. सांध्याचं वेल्डिंग सलग आहे का. नखानं चाचपलं की खाच लगेच लागते. आणि मूठ फिरती आहे का. आमच्या हिनं पहिल्या दिवशी बिनफिरत्या मुठीचा जुना घेतला, संध्याकाळी तळहाताला दोन फोड. दुसऱ्या दिवसापासून नवा तिच्या हातात गेला तो शेवटपर्यंत. मूठ तळव्यात स्थिर राहते आणि आतला दांडा फिरतो, कातडीला घासत नाही. दांड्याच्या लांबीचंही बघायला हवं. लांब घेतला तर जोर कमी लागतो, पण काही दारांवर पूर्ण फेरा बसत नाही, बोटं लाकडी तुळईवर आपटतात. मधल्या लांबीचा बरा.

आता मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते. आमच्या गेटला आटे असतात. चावी सोडली तरी दार जिथल्या तिथं राहतं, आट्यांनी धरून ठेवलेलं. तिकडे दातेरी पट्टी आणि चाक आहे. झडप वर गेली की तिचा सगळा भार एका छोट्या लोखंडी खिट्टीवर. खिट्टी नीट बसली नसेल तर झडप खाली कोसळते आणि विंडलास दांड्यावरच राहिला असेल तर पंख्यासारखा फिरतो. पहिल्याच सकाळी माझ्या हातून हे होता होता राहिलं. झडप वर केली, सवयीनं हात काढला, चावी तशीच. खिट्टी दातावर अर्धीच टेकली होती. पलीकडच्या काठावरून एका वयस्कर बाई ओरडल्या, मी मागे झालो, चावी गरगर फिरून गवतात पडली. जावई बोटीचं इंजिन बघत होता, तो दोन पावलं पुढे असता तर? त्यानंतर आठ दिवस आमच्यात एकच नियम: खिट्टी बसलेली डोळ्यानं बघायची, मग चावी काढून हातात घ्यायची, मगच जागा सोडायची. खाली आणताना आधी चावीनं भार उचलायचा, खिट्टी बाजूला करायची, फिरवत फिरवत उतरवायची. आणि चावी हातातून सुटलीच, तर तिला पकडायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. आटेवाल्या गेटवर काम केलेल्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्याचा हात दुसऱ्याच सवयीचा असतो.

ही चावी चालली किती, तेही सांगतो. वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डेबिग नावाची जागा आहे. १८१५ साली पुरा झालेला हा कालवा तिथं ३० लॉकनी सव्वादोन मैलांत २२० फूट उतरतो. ब्रिटनमधली ही सगळ्यात लांब रांग. आम्ही उतरलो आणि दुसऱ्या दिवशी चढलो, म्हणजे ६० वेळा हौद भरणं-रिकामा करणं. विंडलासच्या कडा परत आल्यावरही तशाच धारदार. पाचपैकी पाच गुण.

जावयाला ॲल्युमिनियमचा आवडला, हलका म्हणून. हाताला खरंच बरा वाटतो. पण टार्डेबिगच्या मध्यावर तो पाण्यात गेला. दोरीला बांधलेलं लोहचुंबक बोटीवर होतं, अर्धा तास गाळ ढवळला. दोन गंजके खिळे आणि एक साखळी आली, चावी आली नाही. ॲल्युमिनियम चुंबकाला लागतच नाही. पोलादी असती तर पाच मिनिटांत वर असती.

दुसरी वस्तू, पाण्याची चावी. तिकडे कालवे सांभाळणारी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून काम करते. तिचे नळ, शौचालयं, मैला रिकामा करायच्या जागा सगळीकडे एकाच चावीनं उघडतात. विजेवर चालणाऱ्या काही पुलांनाही हीच लागते आणि पूल परत बंद होईपर्यंत ती आत अडकून राहते. म्हणून दोन घ्या. बुचाचा गोळाही मिळतो, चावी पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. आम्ही बादलीत टाकून बघितलं: एका चावीला गोळा तरंगतो, दोन अडकवल्या की सरळ तळाला. एका गोळ्याला एकच चावी.

तिसरी, बेडीची चावी. शहरातली टवाळ पोरं रात्री झडपा उघडून पाणी सोडून देऊ नयेत म्हणून तिथल्या लॉकना बेड्या घातलेल्या असतात. टी आकाराची छोटी चावी लागते ती. बर्मिंगहॅम शहरातल्या १३ लॉकच्या उतारावर ती आम्हाला लागली. ऑनलाइन मागवलेली पहिली पातळ पट्टीची निघाली, बोटांत रुतायची आणि तिसऱ्या लॉकला वाकली. जाड गोल आडव्या दांड्याची घ्या. काम झालं की बेडी परत लावायची, विसरायचं नाही.

बोट बांधायला मेखा आणि दोन किलोचा हातोडा लागतो, हा विषय गावाकडच्या माणसाला नवा नाही. बैल बांधतो तशीच मेख पाण्यापासून उलट्या बाजूला तिरकी ठोकायची. माती मऊ असेल तर दोन मेखा एकमेकींना फुलीसारख्या. ठोकून ठोकून डोकं छत्रीसारखं फुगलेली मेख नको, तिच्या कपच्या डोळ्यात उडतात. वर पांढरी पिशवी बांधा, त्या काठानं सायकलवाले जातात. काठाला लोखंडी पत्र्याची भिंत असेल तर मेखेचं काम नाही, तिथं पत्र्यात अडकवायचे आकडे मिळतात.

ब्रेड कापायची दातेरी सुरी मात्र घरूनच न्या. बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात कापड-दोरी गुंडाळली की मागचं झाकण काढून हात घालून कापावं लागतं. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच हात आत.

विंडलास मी नाशिकला घेऊन आलो, चेक-इन सामानात. सातपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दाखवला. तो टर्नर बराच वेळ चौकोनी भोकात बोट फिरवत बसला आणि म्हणाला, "साहेब, भोकाला उतार दिलाय, म्हणून दांड्यावर घट्ट बसतो." मला एवढ्या दिवसांत ते दिसलं नव्हतं. आमच्या गल्लीतलं एक जोडपं येत्या मेमध्ये मुलाकडे जाणार आहे, बोट त्यांनीही ठरवली आहे. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्याकडे दिलाय, आणि खिट्टी कशी बसते ते माझ्या दाराच्या कडीवर दोनदा करून दाखवलंय.