मांडवा ते तेरेखोल: सायकलप्रवासाच्या आखणीतून पाहिलेली कोकणातली फेरीसेवा

मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जाण्याचा बेत अलीकडे बरेच जण करतात आणि त्यांची आखणी बहुधा खरेदीच्या यादीपासून सुरू होते. टायर किती जाडीचे असावेत, पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या) जलरोधक घ्यावेत की साध्या पिशव्यांवर आच्छादन घालावे, कॅरिअर किती वजन पेलेल, यावर पुष्कळ चर्चा होते. या प्रवासाचे रोजचे टप्पे मात्र ठरतात ते खाड्यांवरच्या फेरीबोटींमुळे, ज्यांना किनाऱ्यावरची माणसे जंगलजेटी म्हणतात. म्हणून या लेखात सामानाऐवजी त्या सेवेचे परीक्षण केले आहे, आणि तेही पूर्णपणे सायकलस्वाराच्या सोयीच्या दृष्टीने. मोटारीतून येणाऱ्या पर्यटकाचे मत यापेक्षा वेगळे असू शकते.

सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात आणि त्यांवरचे पूल बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यापासून खूप आत, चिपळूण किंवा आंबेतसारख्या जागी आहेत. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जमिनीवरून जायचे म्हटले, तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरहून अधिक वळसा पडतो आणि वाटेत मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक सोसावी लागते. हेच अंतर फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत पार करते. मोटारवाल्याचे या वळशात काही तास जातात. सामान लादलेल्या सायकलवाल्याचे दोन दिवस जातात. त्यामुळे २००३ मध्ये दाभोळ-धोपावे मार्गावर वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि पुढे इतर खाड्यांवरही ती सोय झाली, तेव्हा लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासासाठी हा किनारा खऱ्या अर्थाने खुला झाला, असे म्हणता येईल.

पहिली बोट मुंबईतच घ्यावी लागते. अटल सेतूवर दुचाकींना आणि सायकलींना परवानगी नाही, आणि पनवेल-पेण-वडखळ हा रस्ता अवजड वाहनांमुळे सायकलसाठी अप्रिय आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे वाहनेही नेणारी, बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ती सुमारे तासाभरात पलीकडे पोहोचवते आणि सायकल सामानासकट वाहनांच्या मजल्यावर उभी करता येते. गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि सायकलसाठी एरवीही सोयीच्या नाहीत. रो-रोचे तिकीट आधी काढता येते, तिची वेळ ठरलेली असते आणि धक्क्यावर बसण्याची व्यवस्था आहे. या संपूर्ण मार्गावर इतकी नेटकी सोय पुन्हा कुठे मिळत नाही, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.

मांडव्यापासून अलिबाग, रेवदंड्याचा पूल, काशीद आणि मुरुड हा टप्पा साधारण सत्तर किलोमीटरचा आहे. मुरुडहून खोकरीच्या कबरींवरून आगरदांड्याला यायचे आणि राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरायचे. हा मार्ग चुकवला तर तळा-म्हसळ्याच्या बाजूने डोंगरातून जावे लागते. दिघीला उतरल्यावर दिवेआगर आणि तिथून शेखाडीमार्गे श्रीवर्धन हा भाग समुद्राला इतका लागून आहे की बोटीसाठी थांबण्यात गेलेला वेळ तिथे सहज भरून निघतो. या जेटीवर सुट्टीच्या दिवशी दिवेआगरला जाणाऱ्या गाड्यांची मोठी रांग लागते. सायकलला मात्र ती रांग लागू होत नाही, कारण गाड्यांच्या मधल्या किंवा कडेच्या जागेत ती मावते आणि बोटीवरची माणसे ती आनंदाने सामावून घेतात.

हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरी सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीत चालते. अंतर थोडे आहे. इथे पुलाचे अर्धवट राहिलेले खांब पाण्यात उभे दिसतात, आणि माजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्या काळापासून ज्याची चर्चा आहे त्या सागरी महामार्गाला किती वर्षे लागली, याचा हिशेब प्रवाशाच्या मनात आपोआप होतो. आता रेवस-रेडी सागरी महामार्गाअंतर्गत या आणि इतर खाड्यांवर पूल बांधण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी कुठली फेरी कुठून सुटते हे ताजे विचारून घ्यावे. वेश्वीला उतरताच बाणकोटच्या बाजूने चढ सुरू होतो, आणि मंडणगड-दापोली तालुक्यांतला पुढचा पट्टा हा सबंध प्रवासातला सर्वांत दमवणारा आहे. सड्यावर चढायचे, जांभ्याच्या माळावरून थोडे सपाट चालवायचे, मग वळणावळणाने एखाद्या नारळी-पोफळीच्या गावात उतरायचे आणि लगेच पुन्हा चढायचे, असा क्रम केळशीपासून दाभोळपर्यंत सुटत नाही. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसतात म्हणून निर्धास्त राहू नये. सर्वांत हलका गिअर पुरेसा हलका आहे ना, एवढे एकच तंत्र या भागासाठी मी आग्रहाने सांगेन.

दाभोळची फेरी या सगळ्यांत उजवी आहे. ती सर्वांत जुनी आहे, फेऱ्या नियमित आहेत, आणि मुख्य म्हणजे ती गावाच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे: शाळकरी मुले, मासळीच्या टोपल्या, स्कूटरवरून गुहागरच्या बाजूला कामाला जाणारी माणसे आणि एखादी एसटी बस एकाच बोटीत असतात. जिथे फेरीबोट पर्यटकांवर चालते तिथे आडवारी फेऱ्या विरळ होतात. जिथे ती गावकऱ्यांवर चालते तिथे ती भरवशाची असते. वेळ असेल तर बोटीआधी दाभोळची जुनी दगडी मशीद पाहून घ्यावी, ती धक्क्यापासून फार दूर नाही. पलीकडे धोपाव्याला उतरल्यावर अंजनवेलचा वीजप्रकल्प आणि गोपाळगडाच्या बाजूने गुहागर गाठता येते.

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि मग तवसाळ. तिथून शास्त्री नदीच्या मुखावरून जयगड. या फेरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, ती आपले काम नीट करते. वळसा घ्यावा लागलाच तर राई-भातगावचा पूल आहे, त्यामुळे इथे बोट चुकली तरी दाभोळइतके नुकसान होत नाही. जयगडच्या बंदरामुळे उतरल्यावर काही अंतर ट्रकांची वर्दळ मिळते. मालगुंड-गणपतीपुळ्याकडे वळले की रस्ता पुन्हा शांत होतो.

सायकल चढवण्याची पद्धत सगळीकडे सारखीच आहे. बोट धक्क्याला लागते, पुढची लोखंडी फळी खाली येते, आधी उतरणाऱ्या गाड्या जातात आणि मग चढणाऱ्या. सायकलवाल्याने घाई करू नये. मोठ्या गाड्या लागल्यानंतर खलाशी स्वतः जागा दाखवतो. उताराचे काँक्रीट शेवाळलेले आणि ओले असते, त्यामुळे तिथे सायकल चालवत नेण्याचा मोह टाळून हाताने ढकलत न्यावी. बांधायला कडी असेलच असे नाही, म्हणून एक लवचीक पट्टा जवळ ठेवावा आणि सायकल कठड्याला टेकवून पुढचा ब्रेक त्याच पट्ट्याने आवळून टाकावा. खारे पाणी उडते. मुक्कामी पोहोचल्यावर चेन गोड्या पाण्याने पुसून, सुकवून तेल घातले नाही तर दोन-तीन दिवसांत ती गंजू लागते. भाडे इतके माफक आहे की एकट्या प्रवाशाच्या अंदाजपत्रकात त्याचा वेगळा रकाना करण्याची गरज नाही; सुटे पैसे मात्र असावेत, कारण खाडीच्या तोंडाशी मोबाइलची रेंज जाते आणि त्याबरोबर मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही.

उणिवा आहेत आणि त्या सायकलवाल्याला जास्त टोचतात. पहिली म्हणजे माहिती. फलकावरची वेळ, इंटरनेटवर सापडणारी वेळ आणि प्रत्यक्ष सुटण्याची वेळ यांचा मेळ प्रत्येक जेटीवर असतोच असे नाही. साधारण पाऊण ते एक तासाने फेरी मिळेल असे धरून चालावे आणि शेवटच्या फेरीवर कधीही विसंबू नये. दुसरी म्हणजे सावली आणि स्वच्छतागृहे. मोटारवाला गाडीत बसून वाट पाहतो, सायकलवाला उन्हात उभा राहतो; काही जेट्यांवर बसायला शेडसुद्धा अपुरी आहे आणि स्त्रियांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह तर आधीच्या गावातच शोधून निघावे लागते. या जेट्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. पर्यटनाच्या नावाने एवढा खर्च होत असताना पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि दोन स्वच्छतागृहे जमू नयेत, हे न पटणारे आहे.

मोबाइलवरच्या नकाशांबाबतही सावध राहावे. मार्ग शोधताना ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू राहिला असेल, तर नकाशा मुकाट्याने आपल्याला चिपळूणला पाठवतो. शिवाय बोटीतून जाण्याचा वेळ तो धरतो, पण बोटीची वाट पाहण्याचा वेळ धरत नाही. किनाऱ्याचा नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा.

भरती-ओहोटीचा अंदाज असणे उपयोगी आहे, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोल जाते, उताराचा निसरडा भाग जास्त उघडा पडतो आणि गाळाच्या जागी बोटींना जपून लागावे लागते. त्यासाठी तक्ते पाहिले नाहीत तरी चालते. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. दिवेआगर किंवा गुहागरच्या लांब पुळणीवर घट्ट वाळूतून सायकल चालवायची असेल, तर हाच हिशेब तिथेही कामी येतो.

मुक्काम खाडीच्या अलीकडे करावा की पलीकडे, हा आखणीतला खरा प्रश्न आहे. तत्त्वतः संध्याकाळी खाडी ओलांडून पलीकडे झोपणे शहाणपणाचे, म्हणजे फेरीत खंड पडला तरी दुसऱ्या दिवसाचे गणित बिघडत नाही. पण राहण्या-जेवणाची सोय या तत्त्वाला जुमानत नाही. हरिहरेश्वरला घरगुती सोय भरपूर आहे आणि वेश्वीला नाही, म्हणून तिथे अलीकडे राहून सकाळची पहिली बोट धरावी. पुढचा चढही मग उन्हाआधी होतो. दाभोळ आणि तवसाळ मात्र दुपारीच ओलांडावेत, कारण गुहागर आणि गणपतीपुळे ही मुक्कामाची गावे पलीकडे पंधरा-वीस किलोमीटरवर आहेत. हा सगळा बेत उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्यासाठी आहे आणि तसेच जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारनंतरचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो आणि तो पाठीशी राहतो.

रत्नागिरीच्या दक्षिणेला फेरीचे महत्त्व एकदम कमी होते. भाट्ये, पूर्णगड आणि जैतापूरला पूल आहेत, विजयदुर्गाकडे जाताना वाघोटनची खाडी थोडे आत वळून ओलांडता येते, मालवण-वेंगुर्ल्यातही तीच स्थिती आहे. शेवटी रेडीच्या पुढे तेरेखोलहून पलीकडे केरीला नेणारी बोट गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची आहे. ती आकाराने लहान, खाडी अरुंद आणि प्रवास काही मिनिटांचा. बंद असली तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून गोव्यात शिरता येते. परतीसाठी कोकण रेल्वेच्या थिवी किंवा मडगाव स्थानकावरून सायकल मालडब्यातून पाठवावी. तिची नोंद पार्सल कार्यालयात होते, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी दोन-तीन तास तिथे पोहोचावे आणि पॅनियर सायकलवर न ठेवता आपल्याबरोबर डब्यात घ्यावेत.