लाँग रूट की वाशीचा टेम्पो?

कळंबोलीहून दिल्ली म्हणजे एका बाजूचे साधारण 1,400 किलोमीटर. पगारावर भत्ता सुटतो, हे खरं. पण परतीचा लोड मिळेपर्यंत मुक्काम ढाब्यावर, आणि पोरगं पडलेला दात व्हिडिओ कॉलवर दाखवतं. दिवसाला 8 तासांची मर्यादा 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच आली. हायवेवर ती पाळली कुणी म्हणा!

वाशी मार्केटचा टेम्पो धरला की भत्ता गेला. पहाटे भाजी भरा, दादरला उतरवा, वर नो पार्किंगचं चलान. दुपारी मात्र घरी. डुलकी काढून पोराला शाळेतून आणता येतं. हप्ते फिटले असतील तर टेम्पोच घ्या. थकले असतील तर आणखी काही महिने लाँग रूट मारा, पण बायकोला विचारून.