ओपन-व्हील की स्टॉक कार: लोकप्रियता वेगावर ठरते का?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या, किंवा काही महिन्यांसाठी तिकडे गेलेल्या, एखाद्या मराठी कुटुंबाने एकदा तरी मोटारींची शर्यत प्रत्यक्ष पाहायची असे ठरवले, की इंडीकारची तिकिटे काढावीत की नॅसकारची, असा या दोन शर्यत-मालिकांमधून निवडीचा प्रश्न समोर येतो. पहिल्या प्रकारातील, म्हणजे ओपन-व्हील, गाडी एका आसनाची असते, तिची चाके अंगाबाहेर उघडी असतात आणि तिचे वजन जेमतेम पाऊण टन भरते. दुसऱ्या प्रकारातील गाडी, म्हणजे स्टॉक कार, छपराची, बाहेरून नेहमीच्या मोटारीसारखी दिसणारी आणि वजनाने जवळपास दुप्पट असते. तिच्या नावातला ‘स्टॉक’ हा शब्द आता केवळ इतिहासापुरता उरला आहे, कारण दुकानात मिळणारी गाडी शर्यतीत उतरवण्याचे दिवस केव्हाच संपले. वेगाच्या कसोटीवर उघड्या चाकांची गाडी निर्विवाद सरस आहे आणि म्हणून शर्यतही तिचीच पाहावी, असा सल्ला अनेक जण देतात. प्रेक्षकांचा कल पाहिला तर हा सल्ला टिकत नाही.

टेक्सासमधील ऑस्टिन येथील सर्किट या तुलनेसाठी फार सोयीचे आहे, कारण तिथे इंडीकार, नॅसकार आणि जगभर फिरणारी, उघड्या चाकांचीच फॉर्म्युला वन अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या धावल्या आहेत. 2019 मध्ये, शर्यतीत गाड्यांनी कोणत्या क्रमाने सुटायचे हे ठरवणाऱ्या पात्रता फेरीत, फॉर्म्युला वनच्या सर्वांत वेगवान गाडीने एक फेरी सुमारे 92 सेकंदांत पूर्ण केली, तर त्याच वर्षी इंडीकारच्या सर्वांत वेगवान गाडीला सुमारे 106 सेकंद लागले. 2021 मध्ये नॅसकार तिथे पहिल्यांदा आली तेव्हा हाच आकडा 133 सेकंदांच्या घरात होता. फॉर्म्युला वनची तिथली गर्दी पाहून वेगाचे समर्थक खूश होतील. परंतु गर्दी वेगाच्या क्रमाने जमत असती तर दुसरा क्रमांक इंडीकारचा लागायला हवा होता. प्रत्यक्षात इंडीकारची शर्यत तिथे एकदाच झाली, पुढच्या वर्षीची महासाथीत रद्द झाली आणि ती परत आलीच नाही. तिघांत सर्वांत संथ असलेली नॅसकार मात्र दर वर्षी येत राहिली.

इंडियानापोलिसचा पुरावा याहून जुना आहे. अडीच मैलांचा हा ट्रॅक 1909 मध्ये बांधला गेला, 1911 पासून तिथे इंडी 500 ही पाचशे मैलांची ओपन-व्हील शर्यत होते आणि पुढची आठ दशके तिथे दुसऱ्या कोणत्याही मोठ्या मोटार शर्यतीला प्रवेश नव्हता. 1994 च्या ऑगस्टमध्ये स्टॉक कार तिथे प्रथमच उतरल्या. त्या वर्षी मे महिन्यात इंडी 500 च्या पात्रता फेरीत पहिले स्थान पटकावणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी सुमारे 367 किलोमीटर होता आणि ऑगस्टमधील पात्रता फेरीत पहिल्या आलेल्या स्टॉक कारचा सुमारे 277. एकाच डांबरावर ताशी नव्वद किलोमीटरची तफावत असूनही त्या दिवशी अडीच लाखांच्या घरात प्रेक्षक आले. जिंकला जेफ गॉर्डन. तो इंडियानातच वाढलेला, उघड्या चाकांच्या स्प्रिंट कारवर घडलेला आणि पुढची वाट मात्र नॅसकारमध्ये शोधावी लागलेला तरुण होता. आपल्या गावचे पोर कोणत्या गाडीत बसले आहे याला प्रेक्षक किती महत्त्व देतो, हे वेगाच्या तक्त्यात दिसत नाही.

पुढे स्टॉक कारच्या याच शर्यतीची गर्दी ओसरली, आणि त्यातही वेगाचा संबंध नव्हता. इंडियानापोलिसची वळणे बरीच सपाट आहेत. तिथे जड स्टॉक कार एकमेकींमागे रांगेत अडकतात आणि पुढच्या गाडीला मागे टाकणे दुरापास्त होते. त्यातच 2008 मध्ये टायर इतके लवकर झिजू लागले, की दर दहा-बारा फेऱ्यांनी शर्यत मंदावून सर्वांना टायर बदलायला लावावे लागले. प्रेक्षक दुरावले ते चुरस उरली नाही म्हणून.

तरीही वेगाने तिकिटे खपत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. 1977 मध्ये टॉम स्नीव्हाने इंडियानापोलिसवर ताशी 200 मैलांची, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरची, मर्यादा ओलांडली. त्या काळात केवळ पात्रता फेरी पाहण्यासाठी प्रचंड जनसमुदाय लोटत असे आणि नवा विक्रम झाल्याची टॉम कार्नेगी यांची ध्वनिक्षेपकावरील घोषणा ऐकण्यासाठी लोक दिवसभर उन्हात बसत. 1996 मध्ये आरी लायेंडाइकने चार फेऱ्यांत ताशी सुमारे 381 किलोमीटरची सरासरी गाठली. तो विक्रम आजही मोडलेला नाही, आणि पात्रता फेरीची ती जुनी गर्दीही परतलेली नाही. यावरून माझा निष्कर्ष असा, की लोक वेग पाहायला येत नव्हते, विक्रम मोडताना पाहायला येत होते. ताशी 370 आणि 380 यांतला फरक बाकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्याला कळत नाही. तो घोषणेतूनच कळतो.

गंमत अशी, की वेगाचे हे शिखर आणि उतरणीची सुरुवात एकाच वर्षातली आहे. 1996 मध्येच इंडियानापोलिस ट्रॅकचे प्रमुख टोनी जॉर्ज यांची नवी इंडी रेसिंग लीग आणि कार्ट ही जुनी संघटना अशी अमेरिकेतील ओपन-व्हीलची दोन शकले झाली. नामांकित चालक एका बाजूला आणि सर्वांत मोठी शर्यत, म्हणजे इंडी 500, दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती सुरुवातीची काही वर्षे राहिली, आणि पुनर्मीलन व्हायला 2008 उजाडले. 1997 मध्ये लीगने नवी इंजिने आणून वेग कमी केला, त्यामुळे लोकप्रियता वेगाबरोबर घसरली असे काही जण मानतात. परंतु वेग कमी न करणाऱ्या कार्टचे काय झाले ते पाहावे. 2000 मध्ये कॅलिफोर्नियातील फोंटाना येथे जिल द फेरानने ताशी 388 किलोमीटरहून अधिक वेगाने फेरी मारली. 2001 मध्ये टेक्सासच्या उंच कलत्या वळणांवर चालकांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपटीहून अधिक भार येऊन बहुतेकांना भोवळ येऊ लागली आणि शर्यत ऐन दिवशी रद्द करावी लागली. अशी वेगवान कार्ट काही वर्षांतच दिवाळखोरीत गेली.

नॅसकारलाही वेगाची मर्यादा कळली, पण तिथे परिणाम उलटा झाला. 1987 मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बिल एलियटने ताशी 342 किलोमीटरचा वेग नोंदवला आणि त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. 1988 पासून डेटोना आणि टॅलाडेगा येथे इंजिनात जाणारी हवा रोखणारी रेस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली. सर्वांची ताकद सारखीच आटल्यामुळे तीस-चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून झुंडीने धावू लागल्या, आणि ही झुंडच टॅलाडेगाचे आकर्षण ठरली. उघड्या चाकांच्या गाड्यांना असे चिकटून धावणे फार धोक्याचे असते, कारण एकीचे चाक दुसरीच्या चाकावर चढले तर गाडी हवेत फेकली जाते. स्टॉक कारला मात्र शेजारणीला खांदा लावता येतो. 858 मीटरच्या ब्रिस्टॉल ट्रॅकवर फेरी पंधरा-सोळा सेकंदांची आणि वेग ताशी दोनशेच्या आसपास असतो. तरीही 1982 ते 2010 या काळात तिथल्या सलग 55 शर्यतींची सर्व तिकिटे संपली होती.

चालकांची ओळख आणि त्यांची भांडणे हा आणखी एक भाग. 1979 ची डेटोना 500, म्हणजे नॅसकारची सर्वांत मोठी शर्यत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली, तेव्हा बर्फवृष्टीमुळे पूर्वेकडचा मोठा भाग घरात अडकून पडला होता. शेवटच्या फेरीत आघाडीवरचे दोघे एकमेकांवर आदळले, मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकला आणि मैदानात हाणामारी झाली. त्या दिवशी कोणाचा वेग किती होता, हे आज कोणी विचारत नाही.

निवड करताना म्हणून आधी ठरवावे, की आपल्याला एक दिवस हवा आहे की पूर्ण हंगाम. एकच दिवस असेल तर मी निःसंकोच इंडी 500 सुचवीन. गाडी समोरून जाताना मान वळवेपर्यंत ती दिसेनाशी होते, आणि हा अनुभव पडद्यावर मुळीच येत नाही. 2025 मध्ये या शर्यतीला अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सरासरी सुमारे 70 लाख प्रेक्षक लाभले आणि तिने त्या वर्षीच्या डेटोना 500 लाही किंचित मागे टाकले. पण त्याच हंगामातील इंडीकारच्या इतर बहुतेक शर्यतींचा आकडा दहा लाखांच्या आसपास किंवा त्याखालीच राहिला. मोटारी त्याच होत्या, प्रेक्षक मात्र एका दिवसापुरतेच आले. फेब्रुवारी ते नोव्हेंबर जवळजवळ दर आठवड्याला पाहायला काही हवे असेल, तर 36 शर्यतींची नॅसकार मालिका अधिक पुरते, आणि ब्रिस्टॉल किंवा मार्टिन्सव्हिलसारख्या लहान ट्रॅकवर बहुतेक बाकांवरून संपूर्ण शर्यत दिसते. मार्टिन्सव्हिलवरच 2010 मध्ये, फॉर्म्युला वनमध्ये धावून आलेला आपला नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या पिकअप ट्रक मालिकेत उतरला होता.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी घड्याळाचा विचार वेगळा. इंडी 500 आपल्याकडे रविवारी रात्री दहानंतर सुरू होते, तर डेटोना 500 साठी सोमवारी पहाटेपर्यंत जागावे लागते. आणि प्रत्यक्ष जाणार असाल तर गाडी कोणतीही असो, लहान मुलांसाठी कानांवरची संरक्षक आवरणे घरूनच न्यावीत.