भुसावळजवळची ‘इंटरनॅशनल’ शाळा : वर्षभरानंतरचा अनुभव

सेमी-इंग्लिशमधून काढून मुलीला इथे चौथीत घातलं, त्याला आता वर्ष होत आलं. शाळेचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारीही आहेत.

परदेशी मूल एकही नाही, हे आधीच सांगते. इंटरनॅशनल आहे तो केंब्रिजचा अभ्यासक्रम. पण वर्गात भाषा भरपूर. भुसावळ रेल्वेचं जंक्शन, त्यात आयुध निर्माणी, जवळच दीपनगरचं वीज केंद्र. बदलीवर आलेल्यांची पोरं तेलुगू, मल्याळम, भोजपुरी बोलणारी, व्यापाऱ्यांची सिंधी-मारवाडी, आणि यावल-रावेरकडची आमच्यासारखी, घरात लेवा ही मराठीचीच बोली बोलणारी.

पहिल्या सत्रात बाईंनी प्रत्येकाला माणसाची कोरी आकृती देऊन आपल्या भाषा त्यात रंगवायला सांगितल्या. आमच्या लेकीने डोकं इंग्रजीला दिलं, हात हिंदीला, कारण खेळताना हिंदीच, आणि अख्खं पोट लेवा बोलीला. आजी वाढताना तीच बोलते ना! शेजारच्या तेलुगू मुलाने हिंदीला दोन्ही पाय दिले. बाबांची बदली झाली की तीच कामाला येते म्हणे.

चित्रं भिंतीवर लागली, पालकांनी फोटो काढले. आणि त्याच भिंतीपुढे मधल्या सुट्टीत कोणी घरची भाषा बोललं की डायरीत शेरा! पालकसभेत विचारलं तर उत्तर आलं, “इंग्लिशची सवय लागायला हवी, मॅडम.” मग ती रंगरंगोटी कशाला?

मराठीचं तर विचारूच नका. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे, म्हणून तास आहे. पण माझ्या मुलीला आणि कालपरवा केरळहून आलेल्या पोराला एकच वर्कशीट. ही जांभया देते, तो रडकुंडीला येतो. दोन गट पाडा म्हटलं, अजून पाडताहेत. त्यात मराठीच्या बाईही टिकत नाहीत.

आता चांगलं. विज्ञान करून शिकवतात, गणितात उत्तर कसं आलं ते तोंडी सांगावं लागतं. पण खरी मजा ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्जच्या तासाला, म्हणजे एक विषय घेऊन मुलांनीच माहिती काढायची आणि वर्गात मांडायची. विषय होता पाणी. मुलीने रावेरच्या मामाला फोन लावून केळीच्या ठिबकची माहिती काढली, नळ्या कशाने चोंदतात इथपर्यंत. तेलुगू मुलाने गोदावरीकाठच्या आजोबांना कालव्याची पाळी विचारली. दोघांनी घरी आपापल्या भाषेत विचारलं आणि वर्गात इंग्रजीत मांडलं. तिथून पोरगी धीटपणे बोलायला लागली, शेऱ्यांमुळे नाही. असे तास आठवड्यात आणखी दोन असते तर फी खुपली नसती.

डबा मात्र इंटरनॅशनल झालाय. आमची कळण्याची भाकरी जाते, इडली परत येते.

पुढच्या वर्षी ठेवणार आहोत. प्रवेश घेणार असाल तर मराठीचा तास मागच्या बाकावर बसून बघू द्या म्हणून सांगा. बसचे पैसे फीच्या कागदावर नसतात, तेही आधीच विचारून घ्या.